केजे पद्धत: चिठ्ठ्या मांडून प्रश्न सोडवायची रीत, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सोसायटीची मीटिंग असो, वाचनालयाची कार्यकारिणी असो नाहीतर ऑफिसातली टीम, "चला, सगळ्यांनी आयडिया द्या" म्हटलं की पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. दोघं-तिघं बोलतात, पहिली जी सूचना येते तिच्यावरच अर्धा तास वाद होतो, ज्यांना खरं काही माहीत असतं ते मागच्या खुर्चीत गप्प बसतात आणि शेवटी इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" एवढं एक वाक्य येतं. यात माणसं वाईट नसतात, बसायची पद्धत चुकलेली असते. त्यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे केजे पद्धत. तिला लागतात फक्त कागदाच्या चिठ्ठ्या, मार्कर आणि दोन-अडीच तास, म्हणून ती जास्तीत जास्त लोकांनी करून बघावी असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडं ही आली कुठून ते, कारण ते कळलं की पुढचे नियम असे का आहेत ते आपोआप समजतं. कावाकिता जिरो हे जपानी मानववंशशास्त्रज्ञ (जपानीत आडनाव आधी, म्हणून के आणि मग जे). १९५३ मध्ये जपानची जी मोहीम नेपाळमधल्या मनास्लू शिखराच्या चढाईसाठी गेली होती तिच्यासोबतच्या शास्त्रज्ञांच्या तुकडीत ते होते, नंतर नेपाळच्या डोंगराळ गावांमध्ये वर्षानुवर्षं जात राहिले. अशा कामात होतं काय की वह्याच्या वह्या भरतात. कोण कुठून पाणी आणतं, लग्नं कशी होतात, शेताचे तुकडे कसे पडतात, सगळं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसाकडून ऐकलेलं, आणि परत येऊन टेबलावर बसलं की याचं करायचं काय हा प्रश्न. पुस्तकातले ठरलेले विभाग घेऊन त्यात नोंदी कोंबल्या तर गावाने जे सांगितलं ते हरवतं. म्हणून त्यांनी एकेक नोंद एकेका तुकड्यावर लिहून, टेबलावर पसरून, जवळच्या वाटणाऱ्या नोंदी शेजारी ठेवत ठेवत वर जायची रीत बसवली. १९६७ मध्ये त्यांचं यावरचं पुस्तक जपानमध्ये आलं आणि ते प्रचंड खपलं, कंपन्यांनी ही पद्धत उचलली.

पुढे याच विचारातून गुणवत्तेच्या क्षेत्रात 'ॲफिनिटी डायग्राम', म्हणजे जवळच्या नोंदी गटांत मांडणारा तक्ता, आला, जपानी कारखान्यांच्या 'सात नव्या साधनां'पैकी तो एक. तुमच्या घरात कुणी कारखान्यात क्वालिटी सर्कलमध्ये, म्हणजे काम सुधारायला एकत्र बसणाऱ्या कामगारांच्या गटात, असेल तर त्यांनी हे नाव ऐकलेलं असायची बरीच शक्यता आहे. कांदिवली आणि नागपूरला कारखाने असलेल्या महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये जपानचं गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळालं, म्हणजे जपानी गुणवत्तेची ही परंपरा आपल्याकडे काही परकी नाही. फक्त ती कारखान्याच्या गेटच्या आतच राहिली, गावकीच्या आणि सोसायटीच्या बैठकीत आली नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि कावाकितांनी स्वतः काय केलं बघा. नेपाळच्या सिखा खोऱ्यातल्या गावकऱ्यांच्या अडचणी ऐकून, त्या नीट मांडून, त्यांच्यासोबत पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन आणि डोंगरावरून चारा-लाकूड खाली आणायला तारेचे दोर अशी साधी कामं उभी केली. त्याबद्दल १९८४ ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला या माणसाबद्दल आदर आहे तो यासाठी, की पद्धत शोधून ते नुसते शिकवत बसले नाहीत.

नुसत्या ब्रेनस्टॉर्मिंगने का भागत नाही

ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने. टीका करू नका, भन्नाट सुचलं तरी बोला, जितक्या जास्त कल्पना तितकं चांगलं, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, असे त्याचे चार नियम. नियम चांगलेच आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासून पाहिलं तर चार जण एकत्र बसून बोलले त्यापेक्षा चार जणांनी वेगवेगळं बसून केलेल्या याद्या एकत्र केल्यावर कल्पना जास्त निघाल्या. याचं एक मोठं कारण १९८७ च्या प्रयोगांमधून स्पष्ट झालं: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात त्यांचं सुचलेलं विरतं किंवा नवीन सुचायचंच थांबतं. केजेमध्ये सगळे एकाच वेळी लिहितात, त्यामुळे ही अडचण मुळातच येत नाही. शिवाय ब्रेनस्टॉर्मिंग संपतं तिथे फळ्यावर पन्नास ओळी असतात आणि त्यांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं, केजेचं खरं काम तिथून सुरू होतं.

बसायच्या आधी

पाच ते आठ माणसं बोलवा. पण एकसारखी नकोत. वाचनालयाचा प्रश्न असेल तर फक्त कार्यकारिणी बोलावून उपयोग नाही, ग्रंथपाल हवा, रोज पेपर वाचायला येणारे काका हवेत, एखादी कॉलेजची मुलगी हवी आणि सभासदत्व सोडून दिलेलं कुणीतरी तर हवंच हवं.

सामान साधं आहे. चिकटणाऱ्या चिठ्ठ्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर पाठकोरे कागद पत्त्याच्या आकाराचे कापून घ्या, जमिनीवर सतरंजी टाकून त्यावर मांडता येतात आणि खरं सांगायचं तर जमिनीवर जास्त छान होतं कारण सगळे गोल बसतात. मार्कर सगळ्यांना एकाच रंगाचे द्या, म्हणजे कुणाची चिठ्ठी कुठली ते रंगावरून ओळखू येत नाही. रबरबँड, स्टेपलर, दोन-तीन मोठ्या कार्डशीट. फोन बाहेरच्या टेबलावर.

एक जण चालवणारा असावा, त्याने स्वतःचं मत मांडायचं नाही, वेळ बघायची आणि नियम पाळले जातायत ना ते बघायचं. अध्यक्षांना किंवा बॉसला हे काम देऊ नका.

आता प्रश्न कसा लिहायचा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे चुकलं की पुढचं सगळं वाकडं जातं. "वाचक वाढवण्यासाठी काय उपक्रम घ्यावेत?" असा प्रश्न टाकला की लोक लगेच उपक्रम सुचवायला लागतात, व्याख्यानमाला घ्या, स्पर्धा घ्या, पण लोक का येत नाहीत हे अजून कुणी बघितलेलंच नाही. त्यापेक्षा "आपल्या वाचनालयात लोकांच्या येण्या-न येण्याबद्दल आपण काय काय पाहिलंय, ऐकलंय?" असा विचारा. पहिल्या बैठकीत पाहिलेलं आणि ऐकलेलं, उपाय नंतर. प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून सगळ्यांना दिसेल असा लावा.

लिहिणं

पंधरा मिनिटं, पूर्ण शांतता. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि ती पूर्ण वाक्यात. हा नियम लोक सर्रास मोडतात. "वेळ" असं लिहून ठेवतात. वेळेचं काय? कमी आहे, जास्त आहे, चुकीची आहे? त्याऐवजी "संध्याकाळी सातला वाचनालय बंद होतं, नोकरीवाले आठला घरी पोचतात" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतं. दुसरं, मोठे मोठे शब्द टाळा. "वाचनसंस्कृती लोप पावत आहे" ही चिठ्ठी कुठल्याही गठ्ठ्यात बसते आणि कुठेच काही सांगत नाही. जे तुम्ही बघितलंत ते लिहा.

प्रत्येकी सात-आठ निघाल्या तरी एकूण चाळीस-पन्नास होतात, पहिल्या वेळेला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

उदाहरण म्हणून समजा या चिठ्ठ्या आल्या (मुद्दाम थोड्याच घेतोय): मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं, किल्ली मागावी लागते. दिवाळी अंक आले की महिनाभर गर्दी असते. नवीन पुस्तकं आली ते कळतच नाही. पेपरच्या टेबलाला सगळे पुरुष बसलेले असतात, बायका तिथे बसत नाहीत. जिना उंच आहे, ज्येष्ठांना चढवत नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर बसतात, खुर्ची मिळत नाही. ग्रंथपाल ताई पुस्तक सुचवतात म्हणून काही जण मुद्दाम त्यांच्या वेळेत येतात. नाव काढलं तर डिपॉझिट परत मिळत नाही असं लोक म्हणतात. पुस्तक उशिरा आणलं की सगळ्यांसमोर बोलणी बसतात. बऱ्याच आज्यांची पुस्तकं नातवंडं बदलून नेतात.

वाचून पसरणं

सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून पत्त्यांसारख्या पिसा, मग चालवणाऱ्याने एकेक मोठ्याने वाचून मध्ये ठेवायची. या वेळी फक्त "याचा अर्थ काय?" एवढंच विचारायला परवानगी, "असं काही नसतं हो" म्हणायला नाही. कुणी म्हणालंच तर चालवणाऱ्याने हसून थांबवायचं. डिपॉझिटवाली चिठ्ठी आली की खजिनदार उसळणार, "आम्ही देतो परत!" देत असतील हो, पण लोकांचा तसा समज आहे हीसुद्धा एक खरीच गोष्ट आहे आणि ती सतरंजीवर राहिली पाहिजे.

अगदी सारख्या दोन-तीन चिठ्ठ्या आल्या तर फेकू नका, एकत्र स्टेपल करा. तीन जणांना तेच दिसलंय, ही माहितीच आहे.

जुळवणं, म्हणजे खरी केजे

आता सगळ्यांनी उठून सतरंजीभोवती यायचं, आणि न बोलता, हो अजिबात न बोलता, ज्या दोन चिठ्ठ्या एकमेकींच्या जवळच्या वाटतात त्या शेजारी सरकवायच्या. कुणीही कुणाचीही चिठ्ठी हलवू शकतं. न बोलण्याचा नियम लोकांना पहिल्यांदा विचित्र वाटतो, पण त्याचा फायदा असा की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालत नाही. गप्प बसणारी मुलगी हात पुढे करून एक चिठ्ठी उचलते आणि दुसरीकडे ठेवते आणि सगळे बघत राहतात की अरे, हे आपल्याला दिसलंच नव्हतं.

मोह कुठे होतो? डोक्यात आधीच डबे तयार असतात. वेळ, पैसा, इमारत, पुस्तकं. जिना गेला इमारतीत, कुलूप गेलं पुस्तकांत, डिपॉझिट गेलं पैशांत, पाच मिनिटांत सगळं आवरलं आणि कळलं काय? काहीच नाही. हे डबे मीटिंगच्या आधीपासून डोक्यात होते, त्यासाठी इतक्या लोकांना बोलवायची गरजच नव्हती. कावाकितांचा आग्रह इथेच होता: आधी शीर्षकं ठरवून खाली चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, चिठ्ठ्या काय म्हणतायत ते ऐकत खालून वर जायचं. मला विचाराल तर या अख्ख्या पद्धतीतून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या.

आमच्या उदाहरणातच बघा. कपाटाची किल्ली मागावी लागते, पेपरच्या टेबलाला बायका बसत नाहीत, उशीर झाला की सगळ्यांसमोर बोलणी. कपाट, टेबल, बोलणी, वरवर तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तिन्ही चिठ्ठ्या सलग वाचा. आत आलेल्या माणसाला ही जागा आपली वाटत नाही, असं तिन्ही मिळून सांगतायत ना? हे "इमारत" किंवा "नियम" या डब्यात कधीच दिसलं नसतं.

गठ्ठे छोटे ठेवा, दोन-तीन, फार तर चार-पाच चिठ्ठ्यांचे. दहा-बारा चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिसला की समजा तो डबा झालाय, फोडा. एखादी चिठ्ठी दोघं जण आळीपाळीने इकडून तिकडे नेत असतील तर तिची एक नक्कल काढून दोन्हीकडे ठेवा, भांडू नका.

आणि जी चिठ्ठी कुठेच बसत नाही ती एकटी राहू द्या. कृपा करून "इतर" नावाचा गठ्ठा करू नका. एकट्या चिठ्ठ्या फार मोलाच्या असतात. वरची आज्यांची चिठ्ठी घ्या, पुस्तकं नातवंडं बदलून नेतात. ती कशाशीच जुळत नाही, पण जरा थांबून बघितलं की लक्षात येतं, वाचणारा माणूस आणि दारात येणारा माणूस वेगळे असू शकतात! म्हणजे दारावरच्या रजिस्टरमधल्या सह्या मोजून वाचक कमी झाले म्हणणंच कदाचित अर्धवट आहे. एका चिठ्ठीने मूळ प्रश्नच हलवला. "इतर"मध्ये टाकली असती तर ती तिथेच संपली असती.

वीस-पंचवीस मिनिटांत हालचाल मंदावते. तेव्हा थांबा.

गठ्ठ्यांना नाव देणं

आता बोलायला परवानगी. एकेक गठ्ठा हातात घ्या, त्यातल्या चिठ्ठ्या पुन्हा मोठ्याने वाचा आणि त्या सगळ्या मिळून काय म्हणतायत ते एका वाक्यात, वेगळ्या रंगाने, नवीन चिठ्ठीवर लिहा. इथेही शब्द नको, वाक्यच हवं. दिवाळी अंकांची गर्दी, नवीन पुस्तकं कळत नाहीत आणि ग्रंथपाल ताई सुचवतात, या तिघींचं नाव "पुस्तकांची माहिती" असं देऊ नका. "काय वाचायचं ते कुणी दाखवलं की लोक येतात" असं द्या. फरक लक्षात येतोय ना, दुसरं वाक्य वाचून काय करायचं याची दिशाही मिळते.

नाव बरोबर आहे का ते तपासायची सोपी रीत: खालच्या चिठ्ठ्या झाकून फक्त नाव वाचा, त्यांचा अर्थ डोळ्यासमोर येतो का? येत नसेल तर नाव फार मोठं किंवा फार पोकळ झालंय. नाव सापडतच नसेल तर गठ्ठाच चुकलाय, मोडून टाका, त्यात काही बिघडत नाही.

नाव वर ठेवून गठ्ठ्याला रबरबँड लावा, आणि आता हे गठ्ठे म्हणजेच नव्या चिठ्ठ्या समजून पुन्हा तेच करा, जवळचे गठ्ठे जुळवा, त्यांना नाव द्या. दहाच्या आत आले की पुरे.

तक्ता काढणं

मोठ्या कार्डशीटवर हे गठ्ठे मांडा. कोण कोणाजवळ असावं याचा विचार करत, सरकवत, पाहिजे तेवढा वेळ घ्या. नीट बसले की रबरबँड काढून आतल्या चिठ्ठ्या पसरून चिकटवा, प्रत्येक गठ्ठ्याभोवती रेघ मारा आणि मग गठ्ठ्यांमधले संबंध दाखवा. एकामुळे दुसरं होतं तिथे एका दिशेचा बाण, दोन्ही एकमेकांना वाढवतात तिथे दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण, एकमेकांच्या विरुद्ध आहेत तिथे समोरासमोर भिडलेली दोन टोकं.

विरुद्ध जाणारी जोडी सापडली तर तिथे नक्की थांबा. आपल्या चिठ्ठ्यांमध्ये एकीकडे लोक येत नाहीत आणि दुसरीकडे खुर्ची मिळत नाही, हे दोन्ही एकाच वाचनालयाबद्दल आहे. म्हणजे जागा भरलेली आहे, फक्त पुस्तकं नेणाऱ्यांनी नाही. अभ्यासिका आणि वाचनालय एकाच खोलीत भांडतायत असा खरा प्रश्न इथे दिसायला लागतो, आणि तो उपक्रमांनी सुटणारा नाही, त्याला वेळा वाटून देणं किंवा खोली वेगळी करणं असलंच काहीतरी लागेल.

सांगणं आणि लिहिणं

ही पायरी घाईत बहुतेक लोक गाळतात आणि मूळ पद्धतीत तर ती तितकीच महत्त्वाची आहे. एकाने उभं राहून तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग सांगायचा, एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर जाताना "म्हणून", "पण", "त्यामुळे" असे शब्द वापरत. जिथे हा शब्द सापडत नाही, अडखळायला होतं, तिथे एक तर बाण चुकलाय नाहीतर आपल्याला काहीतरी माहीतच नाहीये. तिथे प्रश्नचिन्ह काढा. मग दुसऱ्याने वेगळ्या टोकापासून सांगायचं, बऱ्याचदा अगदी निराळी गोष्ट बाहेर येते. नंतर कुणीतरी एकाने घरी बसून हेच दोन पानांत लिहून काढायचं. लिहिताना जे नवीन सुचेल ते वेगळ्या शाईने.

मतदान, हवं असेल तर

हा भाग केलाच पाहिजे असं नाही, पण वेळ कमी असेल तर उपयोगी पडतो. प्रत्येकाला तीन टिकल्या द्यायच्या आणि ज्या गठ्ठ्यावर आधी काम व्हावं असं वाटतं त्यावर लावायच्या. सगळ्यांनी एकदम लावा, नाहीतर आधीच्याचं बघून मागचे लावतात. आणि तक्ता समजून घेतल्याशिवाय मतदान नको, नाहीतर परत लोकप्रिय आयडिया जिंकते आणि आपण होतो तिथेच येतो.

ऑनलाइन करायचं झालं तर

मुलं पुण्यात, कार्यकर्ते गावात आणि एक जण दुबईत, अशी टीम असेल तर मिरो किंवा फिगजॅमसारख्या बोर्डवर हे करता येतं. लिहिताना मात्र प्रत्येकाने आधी स्वतःच्या कागदावर लिहावं आणि मग एकदम बोर्डवर टाकावं, कारण दुसऱ्याचं उमटताना दिसलं की आपलं लिहिणं त्याच वळणावर जातं. जुळवताना सगळ्यांचे माइक बंद. मोबाइलवरून जोडलेल्यांना चिठ्ठ्या हलवायला त्रास होतो, त्यांच्यासाठी कुणीतरी लॅपटॉपवाला जोडीदार द्या.

कधी करू नका

दोनच पर्याय आहेत आणि त्यातला एक निवडायचाय, तर यात वेळ घालवू नका. उत्तर आधीच ठरलेलं आहे आणि लोकांची सही तेवढी हवी आहे, तर मुळीच करू नका, लोकांना ते कळतं आणि पुढच्या वेळी ते कोऱ्या चिठ्ठ्या देतात. आणि आग लागलीय, आजच निर्णय हवा, अशा वेळी पण नाही. जिथे माहिती खूप आहे, विखुरलेली आहे, वेगवेगळ्या माणसांकडे आहे आणि नेमका प्रश्न काय हेच धूसर आहे, तिथे ही पद्धत फार सुंदर काम करते.

उठायच्या आधी तीन कामं. तक्त्याचे फोटो काढा, पूर्ण एक आणि प्रत्येक गठ्ठ्याचा जवळून एक, अक्षर वाचता येईल असा. प्रश्नचिन्हं जिथे पडली त्यातली कोण कुणाला विचारून येणार ते नावानिशी ठरवा, जसं की डिपॉझिटचा नियम खजिनदार लिहून दारावर लावतील, नातवंडांकडून पुस्तकं मागवणाऱ्या आज्यांना कॉलेजची मुलगी घरी जाऊन भेटून येईल. आणि उपायांच्या बैठकीची तारीख तिथेच घ्या, पंधरा दिवसांच्या आतली. त्या बैठकीला हाच तक्ता भिंतीवर लावायचा आणि नवीन प्रश्न लिहून परत कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या.